पेगीकाकूंची शिट्टी

फेरीबोट बंद पडली आणि शिंटीच्या, म्हणजे आमच्याकडच्या हॉकीसारख्या खेळाच्या, उपांत्य सामन्याचे पंच पलीकडच्या बेटावरच अडकले. शेवटी पाहुण्यांच्या कप्तानानेच आमच्या पेगीकाकूंच्या हातात शिट्टी दिली. "तीस वर्षं प्रत्येक पंचाला आंधळा म्हणताय ना, काकू? आज तुम्हीच बघा!"

काकूंचा टॉर्किल आमच्याच संघात, त्यामुळे आम्ही मनातल्या मनात खूश होतो.

शेवटचं मिनिट, एक-एक बरोबरी. आमच्या गोलपुढे सगळ्यांच्या काठ्या एकमेकींत अडकल्या आणि चेंडू टॉर्किलच्या बुटांपाशी वळून बाहेर गेला. शिंटीत चेंडूला लाथ मारलेली चालत नाही. काकू धापा टाकत पोचल्या.

"पाय लावलास?"

"नाही गं आई, देवाशपथ!"

काकूंनी त्याला क्षणभर न्याहाळलं आणि पेनल्टी दिली. आम्ही हरलो.

नंतर चहा पिताना पाहुण्यांच्या कप्तानाला राहवेना. "काकू, आमच्यातल्या एकालाही दिसलं नाही. तुम्हाला कसं दिसलं हो?"

"मला तरी कुठे दिसलं? पण हा खोटं बोलला की याचे कान लाल होतात."