ढगोबासाठी सापळा

मुलगी आंघोळीला गेली आणि आईनं टॅबलेट उचलला. पासवर्ड तिला ठाऊक होता. पोरीनंच सांगितला होता, शाळेचा नियमच होता तसा. पण जी पोर आपणहून पासवर्ड सांगते ती भलतीकडेच काहीतरी लपवत असणार, असं आईचं ठाम मत होतं. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर लोकांचे नंबर काढायची. समोरचा खरंच अक्षर वाचतोय की अंदाजे ठोकून देतोय, हे तिला चटकन कळायचं.

गप्पांच्या यादीत अगदी तळाशी एक नाव होतं, करड्या रंगातलं. ढगोबा.

"मी पण सातवीत," ढगोबानं लिहिलं होतं. "तू कुठे राहतेस? घरी कोण कोण असतं?"

पोरीचं उत्तर एकही नव्हतं.

"पुसून टाकलीन, भवानी!" आई पुटपुटली. तिनं नावावर बोट टेकवलं. पडद्यावर कसलासा प्रश्न आला. असल्या प्रश्नांचं ती नेहमी जे करायची तेच केलं, न वाचता 'हो' दाबलं. नाव काळंभोर झालं.

पालकसभेत संगणकाच्या सरांनी तासभर डोकं खाल्लं होतं. टॅबलेट हिसकावून घेऊ नका, पोरं त्यावर गेम बनवतायत, शिकू द्या, फक्त चांगल्या सवयी लावा. म्हणे सवयी! सरांना काय जातंय बोलायला? पोर तर हिची होती, आणि कुठला तरी दाढीवाला बाप्या 'मी पण सातवीत' म्हणत तिच्या मागे लागला होता.

टॅबलेट काढून घेतला तर पोर तोंड फुगवणार, तिची गेमची स्पर्धा बुडणार आणि ढगोबा मोकळाच राहणार. त्यापेक्षा त्यालाच पकडायचा. आईनं मुलीच्या नावानं लिहिलं, "कसा आहेस?"

उत्तर लगेच आलं.

मग रोज सकाळी, आत बादलीत नळ सुरू झाला की ती लिहायला बसे. सकाळीच लिहीत जा, नंतर आई असते, असं तिनं त्याला बजावलं होतं. लिहून झालं की सगळं पुसून टाकायची. पोरीला संशय यायला नको.

ढगोबा बारीकसारीक विचारायचा, आणि आई खरं तेच सांगायची. थापा मारल्या तर आज एक, उद्या दुसरं, अशी फजिती व्हायची. गडी बिचकला की संपलंच. शाळेमागची गल्ली, पिवळं फाटक, दुसरा मजला. आई चष्म्याच्या दुकानात. शनिवारी मी दिवसभर एकटीच. एकदा तर त्यानं लिहिलं, "आमच्या सरांनी घरी गुप्त शब्द ठरवायला सांगितलाय. आमचा 'चिकट पंखा'. तुमचा?"

नाटकी मेला, आई मनात म्हणाली. पण हे पोरखेळ शाळेत चालतात खरे. तिच्या मुलीनंही तसला एक शब्द ठरवून घरभर नाचून दाखवला होता. "आमचा 'तिरका जिराफ'," तिनं लिहिलं.

ढगोबानं हसरा चेहरा पाठवला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "शनिवारी दुपारी वाचनालयात भेटू. घरी सांगू नकोस."

आईनं ते पुसण्याआधी धाकट्या भावाला दाखवलं. भाऊ बस चालवायचा. अंगानं असा आडदांड की फुकटे प्रवासी त्याला बघूनच तिकीट काढत.

"ताई," तो वाचता वाचता हसला, "हे काय लिहिलंयस तू? सातवीतली पोर 'तुझे जेवण झाले का?' असं लिहिते होय?"

"तू गप रे. शनिवारी सुट्टी काढ."

शनिवारी दुकानात जाते असं पोरीला सांगून ती निघाली. टॅबलेट पिशवीत घातला. पोर आत काहीतरी गुणगुणत होती.

वाचनालयात ती खिडकीपाशी बसली. भाऊ वर्तमानपत्राआड. आत येणाऱ्या प्रत्येक पुरुषाकडे ती डोळे फाडून बघत होती. एक म्हातारा आला, त्याला आपला चष्माच सापडत नव्हता. एक तरुण आला, तो पुस्तक परत करून गेला. तिसरा कोणी येईना.

टॅबलेट वाजला.

"पोचलात का काकू? बसा निवांत."

तिनं ते पुन्हा वाचलं. मग घरी फोन लावला.

"आई, बरं झालं केलास," मुलगी म्हणाली. "माझा टॅबलेट तू नेलास? गेमचं थोडंसंच राहिलंय गं."

"ते मरू दे. तो ढगोबा कोण आहे?"

"तो होय? त्याला मी कधीच बंद केला. पहिल्याच दिवशी. सरांनाही सांगितलं. आता त्याचं नाव करडं झालंय, तो काही पाठवूच शकत नाही."

आई ताडकन उभी राहिली. भाऊ वर्तमानपत्र टाकून उठला.

"दाराला कडी लाव. आत्ताच्या आत्ता. कोणीही आलं तरी उघडू नकोस!"

"अगं, पण काका आलेत ना, तू पाठवलेले. दुकानातले. बाहेरच्या खोलीत बसलेत, पाणी दिलंय मी त्यांना."

"उघडलंस? अनोळखी माणसाला दार उघडलंस?"

"ओरडतेस काय?" मुलगी दुखावल्या आवाजात म्हणाली. "सरांनी शिकवलंय अगदी तस्संच केलं. आईनं पाठवलंय असं कोणी म्हणालं, तर दार न उघडता आधी गुप्त शब्द विचारायचा. त्यांनी बरोबर सांगितला, मगच आत घेतलं."