अनुमोदक

नव्या सरकारी नियमाने मेलेल्या सभासदाचा आवाज, हस्तांतराच्या कागदावर वारसाची सही होईपर्यंत, यंत्रातून सोसायटीच्या सभेला बसायचा. म्हाळसाबाईंनी वर्षभर सही टाळली होती. नवऱ्याचा आवाज तेवढाच कानी पडे.

आज त्या तोऱ्यात उठल्या. "गच्चीवर पापड वाळवायला परवानगी द्या, असं मी सुचवते."

"माझं अनुमोदन," नवऱ्याचा आवाज म्हणाला.

म्हाळसाबाईंचा चेहराच पडला. "हे आमचं माणूस नव्हे! चाळीस वर्षांत मला कधी हो म्हणाले नाहीत. आणा तो कागद, करते सही."

त्यांनी पेन टेकवलं.

"अगं, 'ळ' विसरू नकोस. बँकेत 'म्हासा' लिहून आली होतीस!"

सभा खो खो हसली. म्हाळसाबाईंनी पेन सेक्रेटरीच्या हातात कोंबलं.

"आता बोलले आमचे! सहीचं पुढच्या वर्षी बघू."