तपकिरी सील

सकाळी साडेदहाला पंकजने वडिलांची जुनी साडेतीनशे सीसीची मोटरसायकल सक्करदऱ्यात भैयाजींच्या गॅरेजसमोर उभी केली. मागच्या सीटवरून त्याची आई, सुमती, उतरली. गाडीखाली तेलाचा थेंब पडला.

"पुन्हा तेच, काका," पंकज म्हणाला. "गिअरबॉक्सचं ऑइल सील. दरसाल तुम्ही बदलवता अन् दरसाल ते गळून राहिलं."

"जुनी गाडी हाय गा," भैयाजी म्हणाले. "बसा वहिनी."

सुमती कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. त्यावरची चिंध्यांची गादी तिनेच मागे कधीतरी शिवून आणली होती. गादीची एक कड उसवली होती. तिने पिशवीतून दाभण आणि दोरा काढला. नवरा, रामाजी, गेल्यापासून ती लोकांच्या गोधड्या शिवून देते. दाभण-दोऱ्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

"या रविवारी कामठीचं गिऱ्हाईक येऊन राहिलं," पंकजने सांगितलं. "गाडी पसंत आहे त्याले. पण तेलाचा थेंब दिसला तर घेणार नाही म्हणते."

भैयाजींचा पाना क्षणभर थांबला. मग त्यांनी चेन उतरवली, दातेरी चाक काढलं आणि त्यामागचं जुनं सील, तेल अडवणारी रबरी कडी, उचकटून, न पाहताच खिशात टाकलं.

डब्यातून त्यांनी दोन नवी सीलं काढून फळीवर ठेवली. एक काळं, एक तपकिरी. मापं सारखीच होती.

"तपकिरीच टाका," पंकज म्हणाला. "नेटवर पाहिलं मी. गरमी सोसते, लवकर खराब होत नाही."

"कडक असते ते. या शाफ्टवर चर पडला हाय. त्याले नरम रबर पाह्यजे."

पंकजने शाफ्टवर बोट फिरवलं. "चर तर लागून नाही राहिला."

"तुह्या बोटाले नाही लागत."

"एकदा टाकलं होतं ना तपकिरी? सगळ्यात जास्त तेच टिकलं."

"शेवटी गळलंच ना?" भैयाजींनी तपकिरी सील डब्यात परत टाकलं. "जा, चाय सांगून ये. कोपऱ्यावरच्याले म्हण, आलं जास्त."

पंकज गेला. गॅरेजमध्ये दाभण गादीत शिरण्याचा तेवढा आवाज येत होता.

"विकून राहिले म्हणा," भैयाजी म्हणाले.

"पंकज म्हणते, अंगणात जागा अडते." सुमतीने दोरा दातांनी तोडला. "तुमी काहून विचारता?"

"असंच."

"काळंच टाकून राहिले ना?"

"काळंच."

तिने मान हलवली आणि गादीवरून हात फिरवला.

भैयाजींनी सीलच्या आतल्या कडेला बोटाने तेल लावलं, दोन्ही अंगठ्यांनी ते जागेवर दाबलं, लाकडाचा ठोकळा ठेवून चारी बाजूंनी हलकेच ठोकलं. चहा झाल्यावर गाडी सुरू केली. पंकजने खालून पांढरं फडकं फिरवलं. ते कोरडं निघालं.

"रविवारपर्यंत टिकलं म्हणजे झालं," तो म्हणाला.

"माह्याकडून पक्कं हाय," भैयाजी म्हणाले.

सुमती मागे बसली. तळ्याच्या वळणापर्यंत भैयाजी पाहत राहिले. तिने मागे वळून पाहिलं नाही.

दुपारी त्यांनी खिशातलं जुनं सील काढून उजेडात धरलं. रबराला एक गोल भोक होतं, दाभणाच्या टोकाएवढं. त्यांनी ड्रॉवर उघडला. गाडीची आधीची सगळी सीलं आत तारेत ओवून ठेवलेली होती. प्रत्येकाला तसंच भोक होतं, जवळपास एकाच जागी. हातातलं सीलही त्यांनी ओवलं.

त्या माळेत तपकिरी एकच होतं. ते बदलायला गाडी आली, त्या वर्षी सुमतीच्या अंगठ्याला जाड पट्टी होती.