फसलेला फोटो

आगबोटीतून उतरून लवू होडीनं मिरकरवाड्याला लागला, ट्रंक खांद्यावर मारून थेट दादाच्या ओटीवर चढला, आणि भिंतीकडे बघून जागच्या जागी थिजला. भिंतीवर सगुणावयनीचा फोटो होता आणि फोटोला हार होता.

ट्रंक खाली ठेवायचंही त्याला सुचेना.

शेजारची मथुराकाकी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन निघाली होती. त्याला बघून थांबली.

"आलास होय रे बाबा? लय उशीर केलास. माणूस वाट बघून बघून गेलं."

"कधी?"

"श्रावणात. ताप काय आला न् खेळ काय आटोपला! तुला तार केली, पण तू कुठल्या बोटीवर, कुठल्या मुलखात, कुणाला ठाऊक?"

लवू भिंतीकडेच बघत होता. "हार ताजा दिसतो."

"रोजचा हाय. दुसऱ्या कुणाला हात लावू देईल तर शपथ! असा हार घालू नये, लोक नावं ठेवतात, सांगून दमलो आम्ही. पण ऐकेल तर ना! आतासुद्धा अबोलीच काढायला गेलं असेल ते माणूस. तू बस. येईल इतक्यात."

मथुराकाकी बंदराकडे गेली. लवू मटकन खाली बसला. दादा कुणाचं ऐकतोय! बायकोच्या पाठी पुरुषानं एवढं करायचं म्हणजे लोक बोलणारच. बोलू देत मेले.

फोटोकडे बघवत नव्हतं आणि नजरही हलत नव्हती. कारण तो फोटो त्याच्या चांगला ओळखीचा होता.

बोटीवरच्या एका गोवेकराकडून जुना डबा कॅमेरा घेऊन लवूनंच तो दादाला आणून दिला होता. दादा गंगाराम म्हणजे मचव्यावरचा तांडेल, सुकाणू धरणारा गडी. पण त्या डब्यानं त्याला पार वेड लावलं. 'ऊन पाठीशी घे, फोटो साफ येतो,' एवढंच कुणीतरी सांगितलेलं. झालं! त्यानं सकाळच्या कोवळ्या उन्हात बायकोला अंगणात उभी केली, ऊन पाठीशी घेतलं आणि खटका दाबला. धुऊन आला तो हा असा. ऊन तोंडावर आल्यानं वयनीचे डोळे किलकिले, आणि तिच्या पायांवर पडलेली दादाची काळीभोर सावली. मान खाली, कोपरं बाहेर.

हसू नये माणसानं, पण लवू पोट धरून हसला, तेही चारचौघांत. "दादा, वयनीच्या पायाशी हा कावळा कसला बसवलास?"

सगळी ओटी खिदळली. दादाचं तोंड एवढंसं झालं. वयनीनं मात्र फोटो त्याच्या हातातून काढून घेतला. "हसू नका भावजी. मला आवडलाय," म्हणाली, आणि तो आपल्या पेटीत ठेवला.

मग लवूनं दादाला धडे दिले. माणसाला झाडाच्या सावलीत बसव. उजेड बाजूनं येऊ दे. समोर पांढरं धोतर टांग, म्हणजे उजेड तोंडावर परततो. आणि काय वाटेल ते झालं तरी तुझी सावली फोटोत येता कामा नये!

दादानं ते असं मनावर घेतलं की विचारू नका. पुढं त्यानं वाड्यातल्या नवऱ्यामुली काढल्या, पोरं काढली, बोळकं पसरून हसणाऱ्या म्हाताऱ्या काढल्या. फोटो कसे? बोलायला लागतील असे. पण डब्याला तो दुसऱ्या कुणाला शिवू देत नसे, आणि त्याची सावली पुन्हा कुठल्याच फोटोत आली नाही.

मागच्या खेपेला निघताना वयनी म्हणाली होती, "भावजी, आमच्या दोघांचा एक जोडफोटो काढा की. तुमच्या हातात डबा देतील ते."

लवूला बोटीची घाई. "पुढच्या खेपेला, वयनी! पळून का जाताय कुठं?"

खटका दाबायला कितीसा वेळ लागला असता? मेल्या लव्या, तुझी बोट काय तेवढ्यात बुडत होती?

जोडफोटो आता निघायचा नव्हता. निदान दादाचा एक तरी काढू, म्हणून तो डोळे पुसून उठला. कोनाड्यातला डबा खाली घेतला. त्यावर धुळीचं पूट चढलं होतं. दादानं दुःखात हातही लावलेला दिसत नव्हता. ट्रंकेतली नवी फिल्लम काढून त्यानं आत भरली. अंगणात आंब्याच्या सावलीत खुर्ची मांडली, दोरीवर आपलं पांढरं धोतर टांगलं, खुर्ची जराशी उजेडाकडे वळवली.

एकच गोष्ट त्याला कळेना. दादानं नंतर वयनीचे इतके देखणे फोटो काढले, मग भिंतीवर हा फसलेलाच का लावावा? आणि हारही धड नव्हता. चौकटीच्या खालच्या कडेला, पायांशी कसाबसा अडकवलेला. पुरुषाच्या हाताला कुठं जमतं असलं! लवूनं हार अलगद काढला आणि वयनीच्या मुखाभोवती नीट घातला.

मागं पायरीवर पावलं वाजली.

"दादा," म्हणत तो वळला.

ओच्यात अबोली घेऊन सगुणावयनी उभी होती. कपाळ मोकळं होतं.

तिनं सावलीतली खुर्ची बघितली, दोरीवरचं धोतर बघितलं, कॅमेरा बघितला. तिचे डोळे भरून आले. ती भिंतीपाशी गेली, आपल्या मुखाभोवतीचा हार काढला आणि होता तसा खाली, पायांवरच्या काळ्या सावलीवर घातला.

"हार वर नको, भावजी," ती म्हणाली. "वर मी हाय. ते खाली हायेत."