दसऱ्याचं कुंकू

आरोहीनं वर्षभर एकेक पार्ट जमवला होता. आज कंप्युटर जोडायचाच! ती स्क्रूड्रायव्हर आणायला आत गेली, तेवढ्यात बाबांनी दसऱ्याच्या पूजेत कोयत्याला, विळ्याला आणि शेजारच्या नव्या मदरबोर्डलाही कुंकू लावलं. तेही नेमकं प्रोसेसर बसतो त्या उघड्या सॉकेटमध्ये, चांगलं बोट दाबून.

"बाबा! पिना वाकवल्यास ना!"

"नुसतं टेकवलं गं..."

केसाएवढ्या बारीक पिना. तिनं ब्रशनं कुंकू झाडलं, पायातला काटा काढायची सुई घेतली आणि श्वास रोखून एकेक पिन उभी करायला बसली. बाबांनी मोबाइलचा टॉर्च धरला.

"हलू नको!"

"नाय हलत."

शेवटी प्रोसेसर अलगद बसला. तिनं वायरी जोडल्या, बटण दाबलं. पंखा फिरला आणि स्क्रीन उजळली!

"चालू झाला! बाबा, चालू झाला!" ती नाचायलाच लागली.

बाबा कुंकवाची वाटी घेऊन पुन्हा पुढं आले.

"आता त्याला हात लावशील तर बघ!"

"त्याला नाय गं."

त्यांनी तिचा सुई धरलेला हात ओढून घेतला आणि बोटांना कुंकू लावलं.

"मगाशी अवजार वळखायला चुकलो."