एका घरातले जंतू

दुर्बिणीची नळी घशातून बाहेर निघाली तरी तोमोए उठली नाही. तशीच कुशीवर पडून राहिली. भरदिवसा आडवं व्हायला तिला किती दिवसांनी मिळालं होतं.

"अल्सर पुन्हा झालाय," डॉक्टर नागाओका म्हणाले.

ते फुकुइच्या विद्यापीठातून या गावच्या दवाखान्यात येत. अल्सर करणाऱ्या जंतूंवर त्यांचा अभ्यास चालला होता. तिच्या पोटातला नमुना त्यांनी काढून घेतला आणि समजावून सांगितलं, की हे जंतू बहुधा लहानपणी घरातूनच येतात, जास्त करून आईकडून. कुणाचे कुणाकडून आले, ते जंतूंच्या जनुकांवरून ओळखता येतं. शिवाय सगळे सारखे नसतात. काही पोटाला जखमा करतात, काही जन्मभर मुकाट राहतात. घरातल्या बाकीच्यांचे नमुने मिळाले तर बरं होईल.

तोमोए लगेच हो म्हणाली. तिचं कारण वेगळं होतं.

घरी आई होती, किनु. कंबर गेलेली, जीभ शाबूत. तोमोएने लग्न केलं नव्हतं. आईला उठवणं, धुणं, भरवणं सगळं तिच्याकडे. मासा भाजला की आई म्हणे, करपवलास. दादा, कात्सुमी, नववर्षाला ओसाकाहून आला की मात्र त्याच्यासाठी माशाचा मऊ भाग राखून ठेवी आणि थरथरत्या हातांनी त्यातले काटे काढी. पन्नाशीच्या माणसासाठी. लहानपणीही तेच. नवे बूट दादाला, मार तोमोएला. शेजारणी हसून म्हणत, ही पोरगी पुलाखाली सापडलेली दिसतेय. त्या भागात हे सगळ्याच मुलांना चिडवायला म्हणतात, पण तोमोएला ती कधी थट्टा वाटली नाही.

आता तिने मनाशी ठरवलं होतं. आपण हिची मुलगी नाही असं निघालं, तर हिला वृद्धाश्रमात ठेवायचं. मग कुठेतरी जाऊन झोपायचं. नुसतं झोपायचं.

आई कुरकुरत तपासणीला आली. दादाने ओसाकातच तपासून घेतलं. फोनवर म्हणाला, "माझं पोट ठणठणीत आहे गं. तू फार विचार करतेस, म्हणून तुला होतं हे."

निकाल आल्यावर डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं.

"तुमचे आणि आईंचे जंतू एकच आहेत," ते म्हणाले. "जहाल जातीचे. लहानपणी त्यांनी तुम्हाला घास चावून भरवला असेल, त्यातून आले असावेत."

तोमोएला बरं वाटायला हवं होतं. तिला नुसती उद्याची सकाळ दिसली, पुन्हा आईला उठवण्याची, धुण्याची, भरवण्याची. ती उठायला लागली.

"तुमच्या भावाचे मात्र वेगळे आहेत. सौम्य. ही जात ओकिनावाच्या बेटांवर जास्त सापडते. लहानपणी तिकडचं कुणी त्यांना सांभाळायचं का?"

तिला काही माहीत नव्हतं.

संध्याकाळी पेज भरवताना तिने आईला विचारलं. आईने तोंडातला घास सावकाश गिळला. मग तुटक तुटक सांगितलं. कापड गिरणीत तिच्या शेजारच्या मागावर ओकिनावाची एक मुलगी होती. क्षयाने गेली. मागे दोन वर्षांचं पोर राहिलं. त्याला न्यायला कुणी आलं नाही, म्हणून किनुने घरी आणलं आणि आपलंच म्हणून नोंदवलं. तोमोए नंतर झाली.

तोमोएने चमचा वाटीत ठेवला.

"मग त्याचेच एवढे लाड का केलेस?"

"त्याला कुठूनतरी कळलं असतं, तर निघून गेला असता. फार भीती वाटायची मला."

"आणि मी?"

आईने तिच्याकडे पाहिलं. असा प्रश्न असू शकतो, हेच तिच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

"तुझी कसली भीती? तू तर माझीच होतीस."