शेवटी उभी उरलेली

जरा जवळ सरका, एक गोष्ट सांगतो. आमच्या जामनेरकडच्या भजनी मंडळात सुकदेव आबांना मृदंग वाजवताना धाप लागू लागली. त्यांना वाजवू द्यायचं की नाही, यावर दोन तट पडले. आबा हसून म्हणाले, "मरीन तं मृदंगावरच!"

कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी चेलना म्हणाली, "मतं मोजू नका. एक 'हो', एक 'नाही' अशा जोड्या खाली बसवत जा. शेवटी जो उभा उरेल, त्याच्या बाजूनं बहुमत."

शेवटी 'नाही' म्हणणारी एकटीच उभी उरली. आबांची बायको, द्वारकाअक्का.

आबांचा मृदंग सुटला. ते पुढे सहा वर्षं जगले, पण तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.



आबा गेल्यावर अक्का म्हणाली, "अजून एक कीर्तन त्याहीले झेपनार नाही, असं डॉक्टर फक्त मलेच बोलले व्हते." मृदंग ऐकाल तेव्हा या माउलीला आठवा.